ठीक असल्याची खूण

लातूरला आमच्या गल्लीत नळ यायचे असले की आधी पाणी येत नाही, हवा येते. तोटी खोकते, गुळगुळते, मोठा श्वास टाकते आणि मग कुठे धार लागते. बायको हंडे लावायला धावते आणि मी गच्चीवर निघून जातो. तिला वाटतं हा कामचुकारपणा. वाटू दे. समुद्राखाली माणूस श्वास सोडतो तेव्हा कानाशी नेमका असाच आवाज होतो. मला तो दरवेळी एकाच माणसाचा वाटतो, आणि हे हंडे भरायच्या घाईत कुणाला कसं सांगणार?

तो हदगावचा. लातूरच्या क्लासमध्ये आम्ही एका बाकावर बसायचो. दोघांनाही डॉक्टर व्हायचं होतं आणि दोघेही आपटलो. पुढे तो अंदमानात पर्यटकांना पाण्याखाली नेण्याचं काम करू लागला आणि वर्षभरात मलाही तिकडे ओढलं. आमच्या नातेवाइकांना याचं फार हसू यायचं. टँकर आला की ज्या गावात भांडणं जुंपतात, तिथला पोरगा म्हणे समुद्राच्या तळाला जातो!

तेवढ्यावर त्याचं भागेना. त्याला खोल बुडालेली जहाजं पाहायची होती. तितक्या खोलीवर साधी हवा चालत नाही. तिच्यातला नायट्रोजन दारूसारखा चढतो आणि ज्याच्यावर जगायचं तो ऑक्सिजनच विषासारखा वागू लागतो. म्हणून हेलियम मिसळायचा. तळाला एक मिश्रण, वर येताना दुसरं, पृष्ठभागाजवळ निव्वळ ऑक्सिजन. खाली जाणं त्यातल्या त्यात सोपं, खरी परीक्षा वर येण्याची. दाबाखाली घेतलेला वायू रक्तामांसात मुरतो. घाईनं वर आलं की अंगातच त्याचे बुडबुडे होतात आणि माणूस पांगळा होतो किंवा जातो. म्हणून थांबत थांबत यायचं. वीसेक मिनिटं तळाला काढायची तर वर यायला दीड तास. कुठे किती थांबायचं, कुठे कोणता वायू घ्यायचा, एखाद्या सिलिंडरनं दगा दिला तर काय, हे सगळं आधी जमिनीवर बसून ठरवावं लागतं. पाण्यात डोकं चालेलच याचा भरवसा नसतो.

अशाच एका जहाजासाठीचं आमचं शेवटचं नियोजन हदगावला त्याच्या घरी झालं. त्या घराची एक रीत होती. लांबून कुणीही आलं की दारातच थांबवायचं. त्याची आई भाकरीचा तुकडा उतरवून टाकणार, पायांवर पाणी घालणार, मगच आत. वाटेत माणसाच्या मागे काही लागलेलं असलं तर ते बाहेर राहावं म्हणून. तो उंबऱ्यापाशी माझ्या कानात म्हणाला, "हा शेवटचा थांबा. घाई नको बे."

दिवाळी होऊन गेली होती. भाव चढेल या आशेनं बाहेरच्या खोलीत छतापर्यंत कापूस रचलेला. त्याला टेकून आम्ही लॅपटॉप उघडला. मावशी, म्हणजे त्याची आई, समोर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांना सगळं समजून घ्यायचं असायचं.

"येवढा येळ पाण्यात लटकून काय करून राहिले तुमी?"

"आई, कुकरचं झाकण लगेच काढलं त काय होतं?"

"भात अंगावर येतो."

"मंग? आमी भात."

मावशी हसल्या. आम्ही पुढच्या प्रश्नाकडे वळलो. वर येताना घाबरून एकाचा तोल गेला आणि तो थांबे सोडून सरळ वर निघाला, तर दुसऱ्यानं काय करायचं? याचं उत्तर मला पाठ होतं. त्याच्या मागे जायचं नाही, नाहीतर एकाच्या जागी दोघे जातात. वरच्याला बोटीवरचे लोक सांभाळतील. त्यानं त्यात एक भर घातली. बोटीवरून कुणीतरी खाली येईल आणि खालच्याला अंगठा-बोट जोडून ठीक असल्याची खूण करील. वर काहीही झालेलं असो, खूण हीच.

"मेला असला तरी?" मी विचारलं.

"तरी. खरं कळलं त तू थांबशील का? सुसाट वर येशील."

मावशींचे हात थांबले. "म्हंजे खोटं सांगायचं?"

"हाव. खाली असल्यावर खोटंच सांगायचं. वर आला की मंग सांगा काय ते."

"लई शाने झाले," म्हणत त्यांनी पुढची शेंग उचलली. मला ते पटलं नव्हतं. मी बराच वेळ हुज्जत घातली आणि शेवटी जेवायची वेळ झाली म्हणून सोडून दिलं. बोटीवरच्या लोकांनाही आम्ही तसंच बजावून ठेवलं.

ते जहाज थायलंडच्या समुद्रात होतं. तळाला सगळं छान झालं. वर येताना प्रवाह वाढला, दोरीला धरून राहायलाही ताकद लागत होती. वीसेक मीटरवर वायू बदलताना मला त्याचे डोळे दिसले, मास्कमध्ये मावत नव्हते इतके मोठे झालेले. मी त्याचा दंड धरला. त्यानं झिडकारला आणि तो वर गेला. असं का झालं याचे पुष्कळ अंदाज नंतर लोकांनी सांगितले. मी त्यातला एकही लक्षात ठेवलेला नाही.

पाणी स्वच्छ होतं. डोक्यावर बोटीचा काळा तळ दिसत होता आणि त्या दिशेला जाणारे त्याचे पाय. मग ते पाय पाण्याबाहेर ओढले गेले. माझा अजून तासाभराचा थांबा बाकी होता.

काही वेळानं बोटीवरचा माणूस खाली आला. माझ्यासमोर थांबून त्यानं अंगठा आणि बोट जोडलं. ठीक आहे. मी त्याच्या डोळ्यांत पाहू लागलो तर त्यानं नजर माझ्या सिलिंडरकडे वळवली. दुसरा कुणी ती खूण पाहून निवांत झाला असता. माझ्यासाठी ती आम्हीच आतून पोखरून ठेवली होती. तो असला तरी हीच, नसला तरी हीच. त्या तासात तो कितीदा मेला आणि कितीदा बोटीवर बसून चहा प्याला, सांगता येत नाही. मला त्याचा भयंकर राग आला. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आलेला नाही. त्या रागातच मी एकेक थांबा पूर्ण केला.

वर आलो तेव्हा त्याच्या तोंडावर टॉवेल टाकलेला होता.

फोन मलाच करावा लागला. मावशींनी उचलला. ठरवलेलं बाजूलाच राहिलं आणि मी म्हणालो, "मावशी, ठीक आहे. जरा दवाखान्यात..."

मग त्या म्हणाल्या, "बरं. तू वर आलास न्हवं?"

त्यांना कळलं होतं. शेंगा सोलता सोलता ऐकलेलं त्या विसरल्या नव्हत्या.

इतक्या खोल जाऊन आल्यावर लगेच विमानात बसता येत नाही, त्यात डॉक्टरांनी मला ठेवून घेतलं. त्याला न्यायला त्याचे मामा आले. सगळे विधी माझ्याविना झाले. नंतर मी नांदेडवरून एसटीनं हदगावला निघालो. गावात बोललं जात होतं ते माझ्यापर्यंत आलं होतं. हा खाली थांबला म्हणून वाचला, त्याला एकट्याला वर जाऊ दिलं. लोक काय, बोलतात. पण जर मावशीही तेच म्हणाल्या, मला दारातूनच परत पाठवलं, तर मी कुठे जाणार होतो?

दार उघडं होतं. कापूस विकला गेला होता, खोली रिकामी होती. मी सवयीनं उंबऱ्याबाहेर थांबलो. मावशी आतून आल्या, एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात तांब्या. समोरच्या ओट्यावरच्या बायका माना वळवून पाहू लागल्या.

मावशींनी हात वर नेला आणि तो माझ्या कपाळापाशी तसाच राहिला. त्या माझ्याकडे पाहत होत्या, मग माझ्या खांद्यामागे, रिकाम्या रस्त्याकडे. मला मागे वळायचा धीर झाला नाही. त्यांनी हात खाली घेतला आणि तुकडा पदराखाली धरला.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "न्हाई उतरवत. संगं जे आलं आसंल ते येऊ दे आत."

त्या बाजूला झाल्या. मी आत गेलो. दार त्यांनी लगेच लावलं नाही.