तिसऱ्यांदा तोच दात

'दंततंत्रज्ञ' हा शब्द फक्त त्यांच्या भिंतीवरच्या प्रमाणपत्रात होता. गल्लीत सगळे त्यांना दातकाका म्हणत. दवाखान्यातून प्लास्टरचे साचे येत आणि त्यांवर दातकाका लोकांच्या कॅपा, ब्रिज, कवळ्या घडवत. बत्तीस वर्षं हेच. त्यांच्या स्वतःच्या उजव्या बाजूला मात्र एक दाढ नव्हती. वेळ झाला नाही, असं ते सांगत. बत्तीस वर्षांत.

तिकीट खिडकीवर बसणाऱ्या एका बाईंच्या समोरच्या दाताची कॅप दोनदा परत आली, तेव्हा पहिल्यांदा त्यांची झोप उडाली. दोन्ही वेळा चिठ्ठीवर एकच शेरा होता: फार पांढरी. मग डॉक्टरबाईंचा फोन आला.

"काका, ही तिसरी. आता नाही जुळली तर पुढची कामं मशीनवाल्या लॅबला द्यावी लागतील. मला वाईट वाटतंय."

त्यांना खरंच वाईट वाटत होतं, म्हणून काका जास्त घाबरले. दुसरा दवाखाना त्यांच्याकडे उरला नव्हता. आणि उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, हे त्यांच्याशिवाय एकट्या बायकोला ठाऊक होतं. पिवळ्या चादरीला त्यांनी पांढरी म्हटलं, त्या दिवसापासून.

"रंग मीच येऊन बघतो," काका फोनवर म्हणाले. "सकाळी. तुम्ही हात लावायच्या आधी."

"रंगाचा नंबर मी लिहून देतेच की."

"देता. एकदा मला बघू द्या."

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "एका डोळ्याने काय दिवे लावणार आहात?"

"दातही एकच आहे," काका म्हणाले. पण रात्रभर कूस बदलत राहिले.

सकाळी दवाखान्यात बाई खुर्चीत आ वासून तयार होत्या. काकांनी आधी डोक्यावरचा दिवा बंद करायला लावला, मग खुर्ची खिडकीकडे वळवली.

"तोंड मिटा. पाणी प्या. पाच मिनिटं गप्प बसा."

"माझ्या घरच्यांना बोलवू का बघायला?" बाईंनी विचारलं आणि गप्प बसल्या.

डॉक्टरबाई घड्याळाकडे बघत होत्या. काकांनी खिशातून निळा रुमाल काढून मांडीवर पसरला. शेजारचा दात एका वेळी पाचच सेकंद बघायचा, मग निळ्यावर नजर टेकवायची. जास्त बघितलं की डोळा फसवतो. नमुन्याच्या दातांची पट्टी त्यांनी बाईंच्या ओठांजवळ धरली आणि उजवा डोळा मिटला.

"नेम धरताय का?" बाई म्हणाल्या.

डॉक्टरबाईंची नजर घड्याळावरून त्यांच्या मिटलेल्या डोळ्यावर आली आणि तिथेच थांबली.

पाच सेकंद. रुमाल. पाच सेकंद. रुमाल.

"दोन नंबर. एकापेक्षा जरा पिवळा," काका म्हणाले.

"मी दोन्ही वेळा एक लिहिला होता. जुळवून."

"कधी जुळवला होता? कामाच्या आधी की नंतर?"

"शेवटी. कॅपसाठी दात घासून, माप घेऊन झाल्यावर."

"म्हणजे तोंड तासभर उघडं."

दात सुकला की पांढरा दिसतो, हे डॉक्टरबाईंना पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. काकांनाही. पण काकांनी स्वतःच्या डोळ्यापेक्षा त्यांच्या चिठ्ठीवर जास्त विश्वास ठेवला होता, आणि डॉक्टरबाईंनी स्वतःच्या घाईवर.

आठवड्याने कॅप बसली. तिकिटाच्या बाईंनी आरसा हातात घेतला, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"नवा कुठला?"

त्या गेल्यावर डॉक्टरबाईंनी चिठ्ठी लिहिली. काकांनी ती डाव्या डोळ्यासमोर धरली. रंगाचा नंबर नव्हता. डोळ्यांच्या डॉक्टरांचा पत्ता होता.

"कधीपासून?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"वर्ष झालं."

"आणि मला सांगायचं नाही?"

काका रुमालाची घडी घालत राहिले. आता मशीनवाल्या लॅबचं नाव येणार, म्हणून त्यांनी पाठ ताठ केली.

"बसा," डॉक्टरबाईंनी खुर्चीकडे बोट दाखवलं.

"मी?"

"तोंड उघडा. बत्तीस वर्षं लोकांचे दात, आणि हे भगदाड? इथे ब्रिज बसवायचाय."

"तो करणार कोण?" तोंड उघडं ठेवूनच काकांनी विचारलं. शब्द अर्धेच बाहेर आले.

"तुम्ही. डोळा झाल्यावर. तोवर रंग मी बघेन, कामाच्या आधी." त्यांनी आरसा आत घातला. "आता गप्प. दात सुकायच्या आधी रंग बघू द्या."