हुंकार देणारी आपा

आपाचं नाव मी मुलाखतीच्या यादीतून खोडलं. कारण काय, तर ती ऐकताना तोंड बंद ठेवत नव्हती.

मी नगरमध्ये जपानी शिकवतो. पाथर्डी, जामखेड, मिरजगावकडची मुलंमुली जपानच्या वृद्धाश्रमांत नोकरी मिळावी म्हणून माझ्याकडे येतात. आपा खर्ड्याची. वर्गात सगळ्यांहून मोठी, म्हणून सगळ्यांचीच आपा. मी एक वाक्य बोललो की तिचं सुरू, "हं… व्हय का… आन मंग?" जपानी शिकल्यावर त्याचं "एए… सोऽ देस् का…" झालं, एवढाच फरक. मी चिडून म्हणायचो, "आपा, मी कीर्तन करत नाहीये." ती म्हणायची, "मंग भिताडाकडं तोंड करून शिकवा की. ते लई गप ऐकतंय."

आमचं पहिल्या आठवड्यातच फाटलं. मी तिला मागच्या बाकावर पाठवलं, तर ती तिथून मोठ्यानं हुंकार देऊ लागली. तिच्या वहीवर मी लाल शाईनं 'शिस्त नाही' असं लिहिलं. वही परत आली तेव्हा खाली पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, 'सरांना बोलता येत नाही.'

तिची सासू चार वर्षं अंथरुणाला खिळून होती. म्हातारी रोज तीच ती गोष्ट सांगायची आणि आपा भाकरी थापता थापता वाक्यावाक्याला हुंकार द्यायची. "हुंकार थांबला की रडायची," आपानं वर्गात सांगितलं. "तिला वाटायचं, आपुन मेलो का काय." मी तेव्हा घड्याळाकडे बघत होतो. आपानं ते पाहिलं. "आन हे आमाला बोलायला शिकवनार!"

नोकरीला वयाची अट होती. ही मुलाखत हुकली असती तर पुढच्या खेपेला आपा बाद. हे मला पक्कं माहीत होतं. तरी खोडलं.

मुलाखत व्हिडिओवर होती. समोर वृद्धाश्रमाच्या संचालक बाई. यादीतले माझे सात विद्यार्थी हात मांडीवर ठेवून, ओठ मिटून, पापणीही न हलवता ऐकत होते. मीच तसं घोटून घेतलं होतं. बाई दोन वाक्यं बोलल्या, जपानी रीतीप्रमाणे हुंकारासाठी थांबल्या. पुन्हा बोलल्या, पुन्हा थांबल्या. मग पडद्याला नाक लावून विचारू लागल्या, "ऐकू येतंय का? नेट अडकलं का?" माझी सात माणसं त्यांना गोठलेलं चित्र वाटली!

आपा यादीत नसतानाही दाराशी येऊन बसली होती. "हाकलून दावा," असं सकाळीच मला बजावून. तिथूनच तिनं "एए, एए" केलं. बाईंनी विचारलं, कोण ते? पुढे या. मग बाई आपल्या आईच्या गुडघ्यांविषयी बोलू लागल्या आणि आपा त्यांना बोलतं ठेवत राहिली. चांगला अर्धा तास. निवड एकटीची झाली.

जळून मी म्हणालो, "नशीब लागतं, आपा."

"मंग या सात जनांचं फुटकं नशीब तुमीच लिवलंय, सर."

त्या सातांनी माझ्या तासाला बसायचंच नाकारलं. जायच्या आधी महिनाभर आपानं वर्ग घेतला आणि मला शेवटच्या बाकावर बसवलं. ती गोष्ट सांगायची, आम्ही हुंकार द्यायचो. एकदा मी मोठ्या रुबाबात "नारुहोदो" म्हणालो, म्हणजे "अस्सं होय!"

"सर, सासू मेली म्हनले मी! आन तुमी 'अस्सं होय' म्हनताय?"

वर्ग खो खो हसला. पुढच्या खेपेला त्यातल्या चौघांची निवड झाली. श्रेय मी घ्यायला गेलो, कुणी दिलं नाही.

आपा निघाली त्या दिवशी तिला निरोप द्यायला आम्ही सगळे माळीवाडा स्टँडवर गेलो. दोन दिवस घोकलेली जपानी माफी मी सगळ्या आदरार्थी रूपांसकट एका दमात म्हटली. आपानं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही हुंकार दिला नाही. पुण्याची गाडी लागली. तिनं पिशवी आत ढकलली, पायरीवर चढली आणि मागं वळून म्हणाली, "सर, जपानी तुमचं लई शुद्ध हाय. पन तुमच्याशी बोलावं असं कुनाला वाटत न्हाई."