आणखी पातळ दाखव

आमच्या दाजींसारखा हट्टी माणूस मी तरी दुसरा पाहिला नाय. दाजी म्हणजे माझ्या सुरेखाताईचे मालक, बद्रीनाथ. मूळचे सिल्लोडकडचे, राहायला बजाजनगरला, वाळूजच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर. आणि मी त्यांची मेव्हणी विशाखा, उस्मानपुऱ्यात मोहियोद्दीनभाईंच्या बुटांच्या दुकानात कामाला. दिवसभर लोकांच्या पायाशी बसायचं आणि त्यांना बूट घालून दाखवायचे, हे माझं पोट भरायचं साधन. तेव्हा पायांबद्दल मला कुणी अक्कल शिकवू नये. दाजी शिकवायचे.

त्यांना शुगर निघाली तिथून हे सगळं सुरू झालं. दाजींच्या वडलांचा पाय शुगरनंच गेला होता. आधी बोटं, मग घोटा, मग गुडघ्यापर्यंत, आणि मग म्हातारा गेलाच. घरात वास यायचा म्हणून दाजी बाहेर ओट्यावर झोपायचे. हे त्यांनी ताईला लग्नानंतर एकदाच सांगितलं, परत कधी विषय काढला नाय. दाजींना मरणाची भीती नव्हती, पायाची होती. "मरायचं तर दोन्ही पायांनिशी मरू," म्हणायचे. आम्ही हसायचो. हसण्यासारखं काय होतं त्यात, देव जाणे.

डॉक्टर म्हणाले, रोज चालत जा. दाजी पळायलाच लागले. सुट्टीच्या दिवशी तीसगावचा डोंगर, एरवी कंपनीतून आल्यावर जिम. पोट गेलं, छाती आली, शुगर उतरली. उतरली म्हणून गोळ्या सोडल्या. हा पहिला गाढवपणा. "पळणाऱ्याला गोळ्या कशाला गं?" ताईनं डोकं आपटून घेतलं, मी फोनवर वाट्टेल ते बोलले, पण दाजी ढिम्म. वर मलाच म्हणायचे, "तू जरा पळ, बसून बसून पिंप झालीयेस."

डोंगरावर पळणाऱ्यांच्या ग्रुपात कुणीतरी त्यांच्या डोक्यात अनवाणी बुटांचं खूळ भरलं. अनवाणी बूट म्हणजे नावालाच बूट. तळ पातळ, टाच आणि चवडा एकाच पातळीत, पुढून रुंद, म्हणजे बोटं मोकळी पसरतात. वस्तू वाईट नाय, उगाच खोटं कशाला बोलू? जिममध्ये वजन उचलताना जाड बुटात टाच डुलते, ह्यात पाय जमिनीला घट्ट बसतो. डोंगरावर कुठं काय आहे ते तळव्याला कळतं, पाऊल आपोआप सावरतं. आणि दाजींचे पाय तर अख्खी पाळी लोखंडी टोपीच्या सेफ्टी बुटात कोंबलेले. करंगळी पार शेजारच्या बोटाखाली गेलेली.

पहिले दोन जोड मीच निवडून दिले. कागदावर उभं करून पाऊल आखून घेतलं, पुढं अंगठ्याएवढी जागा राहील असा नंबर काढला. डोंगरासाठी खाली दाते असलेला, जिमसाठी सपाट. "हळूहळू घ्या दाजी," म्हटलं, "आधी घरात वापरा, मग जिम, मग डोंगर. नायतर पोटऱ्या बोंबलतील." दाजींनी बूट हातात घेऊन त्याची पोळीसारखी गुंडाळी केली आणि लहान पोरासारखे हसले. डोंगरावर पहिल्यांदा घालून गेले त्या दिवशी वरूनच फोन. "विशाखा, खडा न् खडा कळतोय गं! लई भारी!" मला इतकं बरं वाटलं की दिवसभर दुकानात मी सगळ्या गिऱ्हाइकांशी गोड बोलले. मोहियोद्दीनभाईंनी विचारलंसुद्धा, तब्येत बरी आहे ना.

वर्ष झालं नसेल, दाजी परत हजर. "तळ जाड वाटतोय. जमीन लागत नाय." मी त्याच्याहून पातळ दिला. पुन्हा आले. पुन्हा तेच, जमीन लागत नाय, आणखी पातळ दाखव. म्हटलं, "दाजी, आता ह्याच्यापुढं वर्तमानपत्र गुंडाळून देते." गल्ल्यावरून मोहियोद्दीनभाई म्हणाले, "अजी जीजाजी, अब खाली मोजे पहन के दौड़ो!" दाजीही हसले. जुने जोड मी उलटेपालटे करून पाहिले, तर तळ झिजून आधीच निम्मे झालेले. तिथं माझ्या मनात पाल चुकचुकली.

मग तो दिवस आला. दुकानातला सगळ्यात पातळ जोड मी खोक्यातून काढला. दाजींना दम कुठला, माझ्या हातातून ओढून पाय घातला. आरशापर्यंत चालले, जाग्यावर उड्या मारल्या, डाव्या पायावर उभे राहिले. "नाय गं," म्हणाले, "ह्याचाबी तळ जाडच हाय." बूट काढून माझ्याकडं दिला, तर आत काहीतरी खुळखुळलं. ओल धरू नये म्हणून नव्या बुटात टणक दाण्यांची पुडी असते ना, ती आतच होती. पार चेमटली होती, कोपरा फुटून दाणे बाहेर आले होते, दोन-चार दाजींच्या मोज्याला चिकटलेले.

मी पुडी तळहातावर घेऊन त्यांच्यापुढं धरली. "ह्याच्यावर उड्या मारल्या तुम्ही आत्ता."

"लक्ष नव्हतं."

"टोचायला लक्ष लागतं व्हय? बूट जाड नाय दाजी, तुमचा पाय बधिर झालाय. चला, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं. मी सुट्टी टाकते."

त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, येतील आता सोबत. पण नाय. चार गिऱ्हाइकं बसलेली असताना माझ्यावर ओरडले, "तुला महागाचे जाड बूट खपवायचेत, म्हणून माझा पाय मेलाय म्हणतीस व्हय!" माझं डोकं सणकलं. "मग जा बोंबलत अनवाणी!" म्हटलं. गेले.

मी ताईला लगेच फोन करून सगळं सांगितलं. तिनं विषय काढला की दाजी ताटावरून उठायचे. त्यांना कळलं होतं, मी लिहून देते. कळलं नसतं तर एवढे चिडले नसते. पण डॉक्टरनं तोंडानं सांगितलं की ते खरं होणार, आणि तोवर दोष बुटाचा, पाय आपला शाबूत. म्हाताऱ्याचा पाय डोळ्यांनी पाहिलेल्या माणसानं पळत जाऊन डॉक्टर गाठायला हवा होता. हे उलट्या दिशेनं पळाले.

बाहेरून कुठूनतरी नवा जोड मागवला. ताईनं दाखवला मला नंतर. रबर कसलं, दुधावरची साय. तसल्या तळातून बाभळीचा काटा आरपार शिरला आणि आत मोडला. दाजी तसेच डोंगर उतरले. तसेच जिमला गेले, तसेच सेफ्टी बुटात पाय कोंबून मशीनवर उभे राहिले. ताईला मोजे धुताना डाग दिसला. "घासलं असंल," म्हणाले. मग घरात वास यायला लागला. ताई बिचारी मोरी घासत बसली. दाजींनी मात्र तो वास पहिल्याच दिवशी ओळखला असणार. ते बाहेरच्या खोलीत दार लावून झोपायला लागले.

ताप चढून बरळायला लागले तेव्हा ताईनं शेजाऱ्यांना बोलावून दार तोडलं. दवाखान्यात आधी बोटं काढली, मग गुडघ्याखाली सगळा डावा पाय. शुद्धीवर आल्यावर मला जवळ बोलावलं. वाटलं, माफी मागतील. मागितली असती तर मी तिथंच रडले असते. म्हणाले, "विशाखा, उजवा राहील ना?" मी म्हटलं, "राहील की." मला काय माहीत होतं?

घरी सोडताना डॉक्टरांनी ताईला समजावलं, आता उजव्याला डोळ्यांत तेल घालून जपा. रोज तळवा बघायचा, आणि मधूनमधून त्यांना डोळे मिटायला सांगून कापसाची वात तळव्याला लावायची. लागली की सांगायचं. कळत असंल तर बरंय, कृत्रिम पाय बसवून चालता येईल. एवढ्या आशेवर दाजी उठून बसायला लागले. कुबड्या मागितल्या, गोळ्या वेळच्या वेळी घ्यायला लागले, ताईवर ओरडायचे थांबले.

परवा मी गेले तेव्हा ताईनं कापूस वळला होता. दाजी पलंगावर, उजवा पाय तिच्या मांडीवर, डोळे गच्च मिटलेले.

"लागलं," दाजी म्हणाले. "अंगठ्याला."

ताईचा हात अजून वरच होता. ती माझ्याकडं बघायला लागली. हळूच म्हणाली, "बरोबर."

मला राहवलं नाय. "काय बरोबर? दाजी, तिनं अजून हातच लावला नाय!"

दाजींनी डोळे उघडले. मला वाटलं, आता खेकसतील. खेकसले नाय. स्वतःच्या पायाकडं बघितलं, आणि शहाण्या पोरासारखे परत डोळे मिटून बसले. "बरं. आता खरं सांगतो. लाव."

ताईनं वात अंगठ्यावर ठेवली. मग तळव्यावरून फिरवली. मग वात टाकून बोटानं दाबलं. मग नखानं. तिच्या डोळ्यांतलं पाणी त्यांच्या पायावर पडायला लागलं.

"अगं लाव ना," दाजी म्हणाले. "कवाची वाट बघतोय."