वाट चुकणारं यंत्र

आमच्या समोरच्या दारातल्या चिंतामणी घाडींना, म्हणजे चिंतूकाकांना, स्वस्थ बसता येत नाही. टीव्ही बघतानाही त्यांचा उजवा पाय ब्रेकवर असल्यासारखा हलत असतो. जाहिरात लागली की उठतात, खिडकीतून सतरा मजले खाली उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडे बघतात आणि परत येऊन बसतात. आयुष्यभर गाडीच चालवली. आधी काळीपिवळी टॅक्सी, आता स्वतःची टुरिस्ट गाडी. ठाकूरद्वारच्या वाड्यांतली म्हातारी माणसं डॉक्टरकडे जायला अजून त्यांनाच बोलावतात. "आपण वळण कधी चुकलो नाय" हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलंय की मला ते झोपेतसुद्धा म्हणता येईल.

आमची बोरीची चाळ करी रोडला जिथे होती, तिथेच हा टॉवर उभा आहे. चाळ पाडली, काही वर्षं भाड्याने इथेतिथे काढली आणि एकदाची चावी मिळाली. मजल्यावर सगळे पेढे वाटत होते. चिंतूकाकांच्या बायकोने, रखमाकाकींनी, नव्या स्वयंपाकघराच्या टाइल्सवरून हात फिरवला आणि विचारलं, "बरा आसा. कोणाचा?" आम्ही पोट धरून हसलो. काकींचा स्वभाव थट्टेखोर, त्यामुळे कोणाला शंका आली नाही.

आता कोणी हसत नाही. दिवसभर काकी ठीक असतात. आमची दोन्ही दारं चाळीच्या सवयीने उघडीच. माझी आई आणि त्या भाजी निवडतात, मालिकेतल्या सासूला शिव्या देतात. दिवेलागण झाली की मात्र काकींची चुळबुळ सुरू होते. पदर खोचतात, पिशवीत एक साडी, फणी आणि देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा भरतात आणि दारात येऊन उभ्या राहतात. "चला, घराक जावया. पाणी इला असतला. हंडे कोण भरतलो?" चाळीच्या नळाला संध्याकाळी पाणी यायचं आणि ते भरणं हे त्यांचं काम होतं. हेच आपलं घर असं समजावलं की रडतात. अडवलं की चावतात. सुशांतला, पोटच्या मुलाला, एकदा कडकडून चावल्या. डॉक्टरांच्या गोळ्यांनी झोप येते, पण ही ओढ काही जात नाही.

उपाय काकांनीच शोधला. काकींना पिशवीसकट गाडीत बसवायचं, लालबागच्या भारतमाता सिनेमापर्यंत जायचं आणि तिथे काचेला चिकटवलेल्या जुन्या जीपीएसला घरचा पत्ता द्यायचा. ते यंत्र सुशांतने पहिल्या पगारातून घेतलेलं. त्याच्या नकाशात अजून चाळच होती आणि चाळीचा रस्ता मागच्या गल्लीतून. ती गल्ली आता टॉवरच्या पार्किंगच्या भिंतीने बंद झाली आहे. यंत्र बिचारं गाडीला भिंतीशी नेऊन उभं करायचं, मग त्यातली हिंदी बाई म्हणायची, "कृपया यू-टर्न लें." मग चिंचपोकळी, मग डिलाईल रोड, पुन्हा लालबाग, पुन्हा तीच भिंत. काकी पुढे वाकून त्या छोट्या पडद्याकडे टक लावून बघत राहायच्या. पाच-सहा फेऱ्या झाल्या की वाट न सापडणाऱ्या त्या यंत्राची त्यांनाच दया यायची. "जांवदे. हेका पण वाट गावणा नाय. थांबवा खंयतरी, आजची रात हयच काढूया." असं म्हणाल्या की काका पुढच्या गेटातून आत वळायचे. काकी गुपचूप लिफ्टमध्ये शिरायच्या, भात खाऊन झोपायच्या. असं रोज.

पण धंद्याला ते यंत्र नडायला लागलं. समुद्रात भराव घालून केलेल्या नव्या कोस्टल रोडवर गाडी गेली की त्याच्या पडद्यावर ती भर समुद्रात दिसायची. काकांना रस्ता माहीत होता, ते निवांत चालवायचे. पण ठाकूरद्वारहून विमानतळाला निघालेल्या एका बाईंनी ते बघितलं आणि "अहो, आपण पाण्यात आहोत!" म्हणून असा आरडाओरडा केला की काकांना गाडीचा वेग कमी करावा लागला. त्या बाईंनी एजन्सीकडे तक्रार केली. एजन्सीवाल्याने सांगितलं, नवं बसवा, नाहीतर मी भाडी दुसऱ्याला देतो. जुन्याच्या कंपनीने नवे नकाशे देणं कधीच बंद केलं होतं. मोबाइल लावायचा, तर घरून काकींचं काही झालं म्हणून फोन आला की नकाशा गायब. लॅमिंग्टन रोडचा दुकानदार डॅशबोर्डात बसणारा मोठा स्क्रीन द्यायला तयार होता, जुनं यंत्र बदल्यात घेऊन.

काका दुकानात जायचे आणि तसेच परत यायचे. संध्याकाळी आमच्या दारात उभे राहून मला विचारायचे, "अनुजा, घेऊ काय गं?" मी घ्या म्हटलं की "बघू" म्हणायचे, नका घेऊ म्हटलं की "धंद्याचं काय?" म्हणायचे. पाय सारखा हलत. मला मुळात धीर कमी, त्यात ऑफिसातून दमून आलेली. एक दिवस मी फाडकन म्हटलं, "काका, काय तो एकदा निकाल लावा. तुमच्यापायी मला झोप लागेना."

तेव्हा कुठे त्यांनी मनातलं सांगितलं. "जुन्यात आपली चाळ आहे ना. नव्यात टॉवरचं इंग्लिश नाव. रखमाला घरी कसं आणू?"

सुशांत समोरच्या घरातून ओरडला, "बाबा, एवढंच ना? नव्यात मी बोरीची चाळ नाव टाकून देतो. मराठीत बोलेल ती. आईला अजून बरं."

खरंच एवढंच होतं, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. काकांनाही वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्क्रीन बसवून घेतला आणि जुनं यंत्र दुकानदाराकडे दिलं.

त्या संध्याकाळी मी भारतमाताच्या सिग्नलला रस्ता ओलांडत होते, तेवढ्यात काकांनी हॉर्न वाजवून हाक मारली, "अनुजा, बस मागे. बघ काय झकास आहे!" पुढे काकी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. समोर मोठा लखलखीत पडदा, त्यावर बोरीची चाळ अशी ठळक अक्षरं. मराठी बाई गोड आवाजात म्हणाली, "उजवीकडे वळा." मग, "डावीकडे वळा." दोन वळणं झाली आणि आम्ही गेटात उभे. "तुम्ही बोरीची चाळ येथे पोहोचला आहात." काकांनी आरशातून माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

काकी उतरेनात. "ह्या आपला घर नाय."

"अगो, बाई सांगता मां?"

"ती खोटा बोलता. तिका काय ठावक? तिना वाट शोधल्यान तरी खंय?" पिशवी छातीशी धरून त्या रडायला लागल्या. मग दाराचा खटका ओढायला लागल्या, रस्त्यावर जायला. मागून गाड्यांचे हॉर्न, वॉचमन काचेवर टकटक करतोय. मला त्या पडद्याचा असा राग आला की बुक्की मारून फोडावासा वाटला. त्याला सगळं कळत होतं आणि काडीची अक्कल नव्हती.

काकांनी स्टेअरिंगवर कपाळ टेकलं. मला वाटलं, आता हे पण रडणार. पण त्यांनी डोकं वर केलं, गाडी रिव्हर्समध्ये टाकली आणि बाहेर काढली.

चौकात बाई म्हणाली, "उजवीकडे वळा." काकांनी डावा इंडिकेटर लावला.

"काका, उजवीकडे," मी सवयीने बोलले.

"गप्प बस," ते म्हणाले. आणि डावीकडे वळले.

"नवीन मार्ग शोधत आहे," बाई म्हणाली. पुढच्या चौकात ती सरळ जा म्हणाली, काका वळले. वळा म्हणाली, ते सरळ गेले. चिंचपोकळीचा पूल, डिलाईल रोड, कुठल्याशा गल्लीत शिरून परत बाहेर. प्रत्येक चुकीच्या वळणाला त्यांचा जबडा आवळला जायचा. आयुष्यभर जे कधी केलं नाही ते करत होते. मला बघवत नव्हतं आणि नजरही काढवत नव्हती. बाई एकसारखी नवीन मार्ग शोधत होती.

काकींचं रडणं थांबलं. पिशवीवरची पकड सैल झाली. त्या पडद्याकडे वाकल्या. "हेका पण गावणा नाय?"

"नाय गो."

काकी थोडा वेळ बाहेरच्या टॉवरांकडे बघत राहिल्या. मग वळून विचारलं, "आणि तुमका?"

सिग्नल लाल होता. इथे त्यांना काहीही थाप मारता आली असती. काकांनी समोर बघितलं, जिथे गिरणीचा भोंगा होता, जिथे आता काचेची इमारत आहे, तिकडे.

"माका पण गावणा नाय, रखमा," ते म्हणाले. समजूत काढायचा आवाज नव्हता तो. मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

काकींनी त्यांच्या गिअरवरच्या हातावर आपला हात ठेवला. "असांदे. दमलात तुम्ही. थांबवा खंयतरी. आजची रात हयच काढूया."

गेटात शिरल्यावर बाई पुन्हा म्हणाली, पोहोचला आहात. काकांनी गाडी बंद केली, काकींच्या मांडीवरची पिशवी स्वतःकडे घेतली आणि ती मांडीवर धरून तसेच बसून राहिले. त्यांचा पाय हलत नव्हता. काकी खाली उतरून, दार उघडं धरून त्यांची वाट बघत उभ्या होत्या.