चमकी काढताना

सिंधुताईंचे यजमान तेजराम पोलाद कारखान्यात ब्लास्ट फर्नेसला, लोखंड वितळवणाऱ्या भट्टीवर, होते. त्या खात्यातला माणूस घरी आला की मानेवर, मनगटावर ठिणगीचा एखादा डाग घेऊनच यायचा. त्यामुळे सेक्टर ६ मधल्या त्यांच्या क्वार्टरमध्ये भाजल्यावरचं पिवळं मलम कायम असे. आमच्या रांगेत कुणाला तव्याचा चटका बसला तरी ती बाई आधी सिंधुताईंकडे जायची. त्यांना या मानाचा मोठा अभिमान होता.

म्हणूनच डाव्या नाकपुडीच्या कडेला, चमकीच्या अगदी खाली, मोत्यासारखा चकचकीत फोड आला तेव्हा त्यांनी तेच मलम लावलं. "फोडणी उडाली असन," म्हणाल्या. खपली धरायची, पडायची, पुन्हा रक्त यायचं. तेजराम रिटायर झाले, क्वार्टर सोडून ते वैशाली नगरला, मी आधीच येऊन राहिले होते त्या गल्लीत, राहायला आले, तरी मलम चालूच होतं. शेवटी सून रेणू त्यांना जबरदस्तीनं डॉक्टरकडे घेऊन गेली. फोडाचा तुकडा तपासायला पाठवला गेला.

अहवाल आला तेव्हा तेजराम आणि मुलगा कमलेश दोघंच आत गेले. सिंधुताई बाहेर बाकावर होत्या. आत काय झालं ते तेजरामांनी मला पुढे सांगितलं. त्वचेचा कॅन्सर होता, पण सगळ्यांत जास्त आढळणारा आणि संथ. सहसा अंगात पसरत नाही, मात्र आहे तिथे पोखरत जातो. आजूबाजूच्या थोड्या चांगल्या कातडीसकट कापून काढला की बहुतेक वेळा काम संपतं. फक्त नाकपुडीची कड जाणार होती. तिथे कानामागची कातडी बसवणार होते, आणि त्या जागी पुन्हा छिद्र पाडता येणार नव्हतं.

बाहेर येऊन दोघांनी सांगितलं, "लहानशी गाठ आहे. काढून टाकतील."

सिंधुताईंनी एकच विचारलं, "मंग चमकी घालता येईन ना?"

"येईन ना," तेजराम म्हणाले. "आठ-पंधरा दिवसांनी घाल."

ती चमकी त्यांच्या आईची. आमगावकडच्या त्यांच्या गावी, लग्नाच्या आदल्या दिवशी आईनं स्वतःच्या नाकातली काढून लेकीच्या नाकात घातली होती. तेव्हापासून ती निघाली नव्हती. पित्ताशयाच्या ऑपरेशनलासुद्धा त्या हटून बसल्या आणि नर्सनं वरून चिकटपट्टी लावली. यावेळीही हटून बसतील, ही तेजरामांची भीती खोटी नव्हती.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी तिथेच होते. सिंधुताई न्हाणीपाशी पाटावर बसून साबण लावून चमकी फिरवत होत्या. निघाल्यावर नाक चोळत हसल्या. "आता आठ दिवस मले कोनी ओळखनार नाई, बाई."

तेजराम उठून अंगणात गेले.

"पाहा, यांले मस्करीबी सहन होत नाई," त्या म्हणाल्या आणि चमकी कुंकवाच्या करंड्यात टाकली.

ऑपरेशन जागेपणीच झालं, नाक सुन्न करून. पट्टी काढायच्या दिवशी रेणूला सुट्टी नव्हती, म्हणून तेजराम आणि कमलेशबरोबर मी गेले. डॉक्टर खुशीत होते. "बहुत अच्छा भरा है, अम्मा. जाँच में किनारे भी साफ आए, कैंसर पूरा निकल गया. बस, इस तरफ अब छेद नहीं होगा."

"कौन सा कैंसर?" सिंधुताईंनी विचारलं.

डॉक्टरांनी कमलेशकडे पाहिलं. "आप लोगों ने तो कहा था, इनको सब बता दिया है."

कमलेश मोबाईल पाहू लागला. तेजराम भिंतीकडे. सिंधुताईंनी आरसा मागितला, पाहिला आणि परत दिला.

घरी रेणू म्हणाली, "आई, दुसऱ्या साइडला टोचून घेऊ ना. आजकल सब पहनते हैं."

"मी नाकाचं नाई बोलून राहिली, पोरी." मग त्या तेजरामांकडे वळल्या. "कावून नाई सांगितलं जी?"

"तू नाई म्हटलं असतं. पित्ताच्या टायमाले नाई म्हटलं नोतं का?"

"तवा कोनी नाक कापाले नोतं निंगालं. कॅन्सर म्हटला असता त एक दिवस रडली असती अन् ऑपरेशनले गेली असती."

"आमी भेलो होतो."

"मले भेऊ द्याचं होतं. नाक माहं होतं." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मी पाटावर बसून हासून राहिली होती. शेवटची काढून राहिली, हे मले माहीत नोतं. तुमाले माहीत होतं, अन् तुमी पाहून राहिले होते. देवापुढं बसून काढली असती मी थे."

तेजरामांचा चहा, जेवण, बीपीची गोळी सगळं वेळेवर मिळत राहिलं. पण पूर्वी सिंधुताई दिवसभर त्यांच्याशी बोलत असत, ते थांबलं. कुणी दवाखान्याचा विषय काढला की त्या उठून आत जात. मी समजावायला गेले, तर मलाही म्हणाल्या, "बाई, थे सोडून बोला."

सहा महिन्यांनी तपासणी होती. कानशिलाजवळ तसाच एक बारीक दाणा आला होता. डॉक्टर सवयीनं कमलेशशी बोलू लागले.

"डॉक्टर साब, इधर देखिए," सिंधुताई म्हणाल्या. "बीमारी मेरी है." आणि आम्हा सगळ्यांना त्यांनी बाहेर पाठवलं.

बऱ्याच वेळानं त्या आल्या. कमलेश उभा राहिला. तेजराम बाकावर सरकून त्यांना जागा करू लागले. त्या बसल्या नाहीत. उभ्यानंच सगळं सांगितलं. आधी तुकडा तपासणार. तोच कॅन्सर निघाला तर कापणार. जखम लहान, टाके थोडे, व्रण राहील. येत्या गुरुवारी यायचं. संमतीच्या कागदावर सही यावेळी त्यांनी स्वतः केली होती. काही गाळलं नाही, काही सौम्य केलं नाही.

"मी येतो गुरुवारी," तेजराम म्हणाले.

"या," त्या म्हणाल्या. "बाहेर बसा."