भिंतीपलीकडचं घावन

माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंतचं, तेही महाडला माहेरी असताना झालेलं. त्यानंतर हातात जातं आलं, कोयता आला, पण लेखणी काही आली नाही. तेव्हा ऱ्हस्वदीर्घ चुकेल, अक्षरही किरटं येईल. कोणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. माझ्या लेकीच्या, शेवंतीच्या शाळेच्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यांवर लिहिते आहे.

मामंजींना जाऊन सव्वा महिना झाला. समाचाराला आलेलं प्रत्येक माणूस ओटीवर टेकलं की एकच विचारायचं, शेवटी तोंडात काय गेलं? मी सांगायची, घावन मागितलं होतं, अर्धं खाल्लं. मग पुढचा प्रश्न, केलं कोणी? "यांनी," एवढं म्हणून मी आत निघून जायची. ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं... आणि पुरतं खरं चार माणसांत बोलायचं धैर्य माझ्यात नाही.

पोलादपूरजवळच्या या घरात मी आले तेव्हा सासूबाई नव्हत्याच, आदल्या वर्षी गेल्या होत्या. हे मुंबईला गिरणीत. शिमग्याला नाहीतर गणपतीला यायचे. घरात मामंजी, मी आणि कपिला गाय. सासऱ्यासमोर पदर खाली ओढून वावरायचं, तोंडानं बोलायचं नाही, असं आईनं बजावून पाठवलेलं. आणि मामंजीही सुनेशी सरळ बोलणाऱ्यांतले नव्हते. मग ते गाईशी बोलायचे. "कपिले, आमटीत मीठ कमी हाय गो," असं गोठ्याकडे तोंड करून म्हणायचे आणि मी दुसऱ्या दिवशी मीठ वाढवायची. पहिले काही महिने आमचं सगळं बोलणं त्या गाईमार्फत चाललं. तीही बिचारी मान हलवायची.

महिन्याचे चार दिवस मी मागच्या पडवीत बाहेर बसायची. इतर घरांत अशा वेळी सासू असते, जाऊ असते; आमच्याकडे चुलीशी जायला मामंजींशिवाय कोणी नव्हतं. शेजारच्या भागीकाकी म्हणाल्या, मी दोन वेळचं आणून देत जाईन. मामंजींनी ऐकलं नाही. आपले हातपाय धड असताना दुसऱ्याच्या चुलीवर भार कशाला, म्हणाले, आणि धोतर वर खोचून चुलीपुढे बसले. सासरा रांधतो आहे आणि सून बसून खाते आहे, या लाजेनं मी पडवीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसले होते. मग त्यांनी वरून माझ्या पानावर घावन सोडलं. तसं घावन मी तोवर पाहिलं नव्हतं. पांढरं, मऊ, जाळीदार, आणि कडेपासून मधापर्यंत एकसारखं. माझी घावनं मधे करपलेली आणि कडेला पिठूळ असायची. भागीकाकींनी नंतर सांगितलं की मामंजी तरुणपणी मुंबईत, आपल्याच भागातल्या गिरणीकामगारांच्या खानावळीत सात-आठ वर्षं चूल सांभाळत होते.

एरवी मी केलेलं घावन ते आधी दारात नेत, उजेडापुढे धरत. जिथे दाट राहिलं असेल तिथे उजेडात डाग दिसतो. डाग दिसला की ते घावन गाईला. पावसाळा सरेपर्यंत कपिला अंगानं चांगली भरली. भागीकाकी म्हणायच्या, "गो, तुज्या घावनांवर गाय बाळसं धरतेय बग." एकदा तर पाचच्या पाच घावनं गोठ्यात गेली. मी विहिरीवर जाऊन रडले. परत आले तेव्हा मामंजी गाईच्या पाठीवर हात फिरवत होते. मी आलेलं त्यांनी पाहिलं होतं, पण बोलले गाईशीच.

"कपिले, खानावळीत चाळीस पानं बसायची. ज्याच्या पानात कच्चं पडलं, त्यानंपन पैसं तेवढंच दिलेलं असायचं. तो काय बोलायचा नाय. गप खाऊन कामाला जायचा. त्याचंच वायट वाटायचं बग."

पुढच्या खेपेला मी पडवीत बसले असताना आतून भिंतीवर उलथन्याचे दोन ठोके पडले. "ऐकतेस नव्हं?" हे गाईला नव्हतं, मला होतं. मधे भिंत होती म्हणून त्यांना बोलता आलं असावं... आणि त्याच भिंतीमुळे मलाही "होय" म्हणता आलं. सासऱ्याशी बोललेला माझा तो पहिला शब्द.

मग दर महिन्याचे ते चार दिवस माझी शाळाच भरू लागली. पीठ दर वेळी तळापासून ढवळायचं, नाहीतर पहिलं घावन पाणी आणि शेवटचं पेंड. मधलं लाकूड मागे ओढून निखारा कडेला पसरायचा, कारण बिडाचा तवा आधी मधे तापतो. ओतताना कडेपासून गोल फिरत मधे यायचं. हे कोणीही शिकवलं असतं. पण झाकण कधी काढायचं, ते त्यांनी माझ्या कानाला शिकवलं. पीठ पडल्यावर चर्र होतं, झाकण ठेवलं की तोच आवाज बारीक होऊन फुसफुसत राहतो. एका बाजूनं आधी थांबला आणि दुसरीकडे चालूच असला तर तवा तेवढा फिरवून घ्यायचा. सगळीकडून आवाज एकदम बसला की काढायचं. मी चुलीपाशी असताना डोळ्यांनी तव्याकडे बघत बसायची, म्हणून मला कधी ऐकू आलं नव्हतं. भिंतीमागे डोळ्यांना कामच नव्हतं. पुढे पुढे त्यांनी ठोका मला द्यायला लावला. मी बोटांच्या पेरांनी भिंत वाजवली की ते आत झाकण काढत. चुकलं असेल तर "घाई केलीस" नाहीतर "झोपलीस" असं ऐकू यायचं. बरोबर असलं तर काहीच नाही.

तिसऱ्या वर्षी माझी घावनं गाईकडे जायची थांबली. हळूहळू चुलीपाशीही आम्ही कामापुरतं बोलू लागलो, गाईला त्यातून सुटका मिळाली. पण 'जमलं' हा शब्द मामंजींच्या तोंडून आला नाही. माझा भाऊ महाडहून आला होता, तो सहा घावनं खाऊन मामंजींना म्हणाला, ताईचा हात काय बसलाय! मामंजी म्हणाले, "तवा जुना हाय." मला हसूही आलं आणि आत कुठेतरी लागलंही. या घरात मला कशाची वाण पडली नाही, माझ्यावर कोणी हात उगारला नाही, वेडंवाकडं बोललं नाही. एवढं असून एक हाव सुटली नाही, की मामंजींनी एकदा, निदान एकदा माझं घावन जमलं म्हणावं. कपिला म्हातारी होऊन गेली, शेवंती शाळेत जाऊ लागली, तरी ते राहिलंच होतं.

यंदा श्रावण सरता सरता मामंजींनी अंथरूण धरलं. नारळी पौर्णिमा होऊन बोटी सुरू झाल्या होत्या, म्हणून पत्र मिळताच हे दासगावपर्यंत बोटीनं येऊ शकले. आधी पेज जात होती, मग तीही जाईना. एका सकाळी डोळे उघडून म्हणाले, घावन खाईन. आणि मी आदल्या दिवशीच बाहेर बसलेली. पडवीत मला ते शब्द ऐकू आले. इतक्या वर्षांत त्यांनी तोंडानं मागून घेतलेली ही पहिली वस्तू, आणि मला चुलीशी जाता येत नव्हतं.

भागीकाकी धावत आल्या, मी करते म्हणाल्या. मामंजी म्हणाले, "तुज्या हातचं चांगलंच असंल, पन या घरचं पायजे." शेवंती सात वर्षांची, तिचा तव्याशी काय निभाव लागणार! शेवटी हे बसले. यांनी जन्मात चूल पेटवली नव्हती. पहिलं घावन तव्याला चिकटलं, दुसऱ्याचे तुकडे झाले. माजघरातून मामंजींचा बारीक आवाज आला, "आरं, ती भाईर बसून बगतेय नि तू आत बसून आंधळा. तिचं ऐक जरा."

मी भिंतीला कान लावला. यांच्याशीही मी कधी मोठ्यानं बोललेली नव्हते. पण त्या दिवशी बोलले. पीठ तळापासून ढवळा म्हटलं, मधलं लाकूड ओढा म्हटलं, कडेपासून ओता म्हटलं. चर्र झालं. झाकण पडलं.

"काढू?"

"नको."

"अगो, जळेल."

"नाही जळत. तुमच्या डाव्या हाताकडे अजून कच्चं आहे. तवा थोडा फिरवा."

तवा घासल्याचा आवाज आला. मग फुसफुस बारीक होत गेली, होत गेली, आणि सगळीकडून एकदम बसली. मी भिंतीवर दोन ठोके दिले.

आत झाकण निघालं. यांनी मागाहून सांगितलं, मामंजींना हात उचलवेना, म्हणून यांनाच ते घावन खिडकीशी उजेडापुढे धरायला लावलं आणि त्यांनी कडेपासून कडेपर्यंत बघून घेतलं. मला फक्त त्यांचा आवाज आला, माझ्या भिंतीच्या दिशेनं.

"सूनबाय... जमलं गो."

हे म्हणाले, "बाबा, केलं मी."

"तू हात हलवलास. घावन तिचं हाय."

त्यांनी ते मधोमध मोडायला लावलं. अर्धं खाल्लं, अर्धं यांनी आणून माझ्या पानावर सोडलं. मी पदरात तोंड लपवून खाल्लं. मीठ कमी होतं. सगळं सांगितलं आणि मीठ सांगायचंच मी विसरले होते. मामंजींना ते कळलं नसेल, असं होणार नाही. कपिला असती तर तिला बोलले असते.

चौथ्या दिवशी न्हाऊन आत आले, त्यांना चमच्यानं पाणी पाजलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाचव्या दिवशी सकाळी गेले.

दिवस झाले, हे मुंबईला परतले, आणि मी घर सारवायला काढलं. चुलीमागच्या भिंतीला, जिथे उलथन्याचे ठोके पडायचे तिथे, वाटीएवढा खळगा पडलेला आहे. तो बुजवायला हात होईना. बाकी सगळी भिंत लिंपली आणि तेवढी जागा सोडली. मग मागे सरून पाहिलं, तर स्वच्छ भिंतीत तो डाग दिसायला लागला. मामंजींना तो खपला नसता. मी माती भरली आणि कडेपासून मधे हात फिरवत भिंत एकसारखी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घावनं घातली. पहिल्याचा आवाज बसला, आणि झाकण काढायच्या आधी उलथनं आपोआप भिंतीकडे गेलं. दोन ठोके. माती अजून ओली होती, दोन खुणा उमटल्या. पलीकडे पडवीत कोणी नव्हतं. मी घावन काढून दारात नेलं, उजेडापुढे धरलं. कुठे डाग नव्हता. मग कडेचा एक तुकडा मोडून मीठ चाखून पाहिलं.