पायरीवर ठेवलेलं पोर

“पोर पायरीवर ठेव. तू खाली उभी राहा.”

वेल्ह्याच्या बाजारातला डॉक्टर ओट्यावरच्या खुर्चीतून बोलला. गळ्यात तपासायची नळी. आम्ही बौद्धवाडीतले. आमचा आजार तो तिथूनच बघायचा. मी दोन महिन्यांचं पोर ओल्या पायरीवर, गोणपाटावर ठेवलं.

चार दिवसांपूर्वी थोरलीचं नाक वाहत होतं. साधं पडसं. ती हुंदडायला लागली आणि तेच पडसं तान्ह्याच्या छातीत शिरलं. अंगावर घेतलं की दोनदा चोखायचा, सोडायचा, धापा टाकायचा. नाकपुड्या फुलायच्या, बरगड्यांखाली खड्डा पडायचा. सासूबाई म्हणाल्या, “डबा झालाय, छाती भरलीया. डाग द्याय पायजे.” चुलीत विळा तापवला. पोटावर तीन डाग. पाय मी धरले होते. खोटं कशाला बोलू, मीच धरले होते.

डॉक्टरनं खुर्चीतूनच वाकून डाग पाहिले आणि हसला.

“डागलंय ना? मग इथं कशाला आणलंस?”

“सायब, चुकलं आमचं. पर छाती उडतीया त्येची. नळी लावून बगा.”

“तुझ्या पोराला लावलेली नळी मग गावाला लावू? सर्दी आहे. औषध घे आणि नीघ.”

कंपाउंडरनं वरून बाटली टाकली. मी ओंजळीत झेलली. पोराचे ओठ निळे पडत होते. माझं डोकं फिरलं. आमच्यातलं कुणी कधी चढलं नव्हतं तो ओटा मी चढले आणि डॉक्टरच्या गळ्यातली नळी धरून ओढली.

“लाव! माज्या लेकराला लाव!”

कंपाउंडरनं माझ्या झिंज्या धरल्या. थोबाडीत मारली. खाली ढकललं. गुडघे फुटले, तोंडात रक्त आलं. मग तो पोराचं गोणपाट सरकवायला लागला. पायानं. मी उठले आणि हातातली बाटली त्याच्या कपाळावर घातली. काच फुटली. औषध आणि रक्त एकदमच त्याच्या डोळ्यांत उतरलं. बाजार नुसता बघत होता. मला बरं वाटलं. आजही वाटतं.

पोर उचललं, एसटी गाठली. भोरच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं होतं. भाटघरच्या अलीकडंच त्याचा श्वास थांबला.

भोरला नर्सबाईंनी त्याला टेबलावर घेतलं, छातीला नळी लावली. माझ्या पोराला नळी लागली ती मेल्यावर.

“मोठ्यांचं पडसं एवढ्याशा जिवाचा श्वास कोंडतं, बाई,” त्या म्हणाल्या. “वेळेवर प्राणवायू मिळाला असता तर...” मग त्यांचं लक्ष पोटाकडं गेलं. “हे कुणी केलं?”

“म्या.”

घरी आले. सासूबाईंच्या देखत विळ्याचं पातं दगडानं ठेचून मोडलं. त्या आकांत करत होत्या. मी ठेचत राहिले.

आता वाडीत कुणाचं तान्हं धापा टाकायला लागलं की आया माझ्याकडं येतात. पोर मी घेते. दवाखाना कुणाचाही असो, ओटा चढते, पोर टेबलावर ठेवते आणि नळी लागेपर्यंत हलत नाही. कुणी हाकलायला उठलंच, तर टेबलावर बाटल्या असतातच.